पाचवा जिन्नस

मी संशयी माणूस आहे, हे आधीच कबूल करतो. आमची माणिक म्हणते, "हे देवळातलं तीर्थसुद्धा आधी हुंगतात आणि मग पितात." ती म्हणते ते खोटं नाही, पण सगळा दोष माझा नाही. वर्ध्याच्या कचेरीत मी नऊ वर्षं दारूबंदीच्या खटल्यांचे कागद नकलून काढले. माणूस दारू कशाकशात लपवतो हे ज्यानं रोज सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे, त्याला साधा तांब्या साधा दिसत नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये, पोखरलेल्या भोपळ्यात, एकदा तर तान्ह्या पोराच्या दुपट्यात मोहाची बाटली सापडल्याचं मी लिहिलं आहे. असल्या माणसानं रूपरावांच्या पंच नावाच्या पेयाकडे भाबडेपणानं पाहावं, ही अपेक्षाच चुकीची होती.

रूपराव बोरगावचे. उंच, वाळकुडे, डोक्याला पांढरा फेटा आणि खांद्यावर कायम एक ओलं फडकं. घरची थोडी शेती होती, ती ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलेली. त्यांचा खरा धंदा म्हणजे लोकांच्या समारंभात प्यायला काहीतरी करून देणं. तरुणपणी ते सिव्हिल लाइन्समधल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर खानसाम्याच्या हाताखाली होते. तिथं पंच करायला शिकले. साहेब बोटीत बसून गेला, खानसामा नागपूरला गेला, आणि पंच मात्र वर्ध्यात राहिला.

आमच्याकडे सरबत म्हणजे लिंबू, साखर, पाणी, संपलं. रूपरावांचं तसं नव्हतं. चैत्रात भाजलेल्या कैरीचा गर, त्यात वाळ्याचं पाणी आणि पुदिना. लग्नसराई सरता सरता बेलफळ. पावसाळ्यात कुणाचा निरोपसमारंभ निघाला तर आलं, गूळ आणि गवती चहाचं गरम गरम काहीतरी, की पिणाऱ्याच्या कानशिलांना घाम यावा. जांभळं आली की जांभळाचं. आणि दिवाळीनंतर संत्री. संत्र्याचा पंच ही तर त्यांची कीर्तीच होती. फोडी सोलून, पांढरा पापुद्रा काढून, हातानं कुस्करून काढलेला रस, त्यात लवंग-दालचिनीचा काढा, काळं मीठ, आणि वर नागपूरहून भुशात गुंडाळून आलेल्या बर्फाचे तुकडे. होळीला भांग न घातलेली ठंडाई. वर्षभर एक महिना त्यांचा मोकळा जात नसे.

आता संशयाकडे येतो. पंच म्हणजे पाच जिन्नस, हे रूपराव स्वतःच अभिमानानं सांगत. आंबट, गोड, मसाला आणि पाणी. बोटं चारच दुमडत आणि थांबत.

"आणि पाचवा?" मी एकदा विचारलं होतं.

"पाचवा सांगाचा रायला तर तुमी घरीच कराल ना, बाबूजी," असं म्हणून ते हसले होते.

गोऱ्या साहेबाच्या पंचात पाचवा जिन्नस काय असायचा हे सांगायला खानसाम्याची गरज नव्हती. दारू. साहेब गेला, जिल्ह्यात दारूबंदी आली, पण पंचातली पाचवी जागा रिकामी राहिली असेल यावर माझा विश्वास बसेना. त्यात रूपरावांच्या दोन खोडी अशा, की शहाण्या माणसालाही शंका यावी. एक म्हणजे ते स्वतः केलेला पंच कधी चाखत नसत. आचारी आमटीचा थेंब तळहातावर घेतो, हलवाई पाक बोटावर पाहतो, आणि हा गृहस्थ गंज भरून, म्हणजे मोठं पातेलं भरून, पेय करून त्याचा एक थेंब जिभेला लावत नाही. दुसरं म्हणजे, सगळं तयार झालं की ते एका कोपऱ्यात दोरी बांधून चादरीचा पडदा करत, गंज पडद्याआड ओढून घेत आणि सगळ्यांना बाहेर घालवत. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत यजमानालासुद्धा आत मज्जाव. मग पडदा निघे आणि पेले भरायला सुरुवात होई.

नवीन वर्षाच्या दिवशी आमच्या क्लबात पार्टी होती. त्रेपन्न साल लागलं होतं. संत्र्याचा पंच होता. मी दोन पेले प्यालो, हुंगून हुंगून प्यालो, काही सापडलं नाही. पण तिसऱ्या पेल्यानंतर एक वकील, जो कोर्टात अशिलाची बाजूसुद्धा धड मांडत नसे, तो टाळी वाजवून पद म्हणायला लागला. दारूशिवाय वकील गातो? घरी येऊन मी माणिकला म्हटलं, "यात पाणी मुरतंय."

"पंचात पाणी नसेल तर काय असेल?" ती म्हणाली आणि भाकऱ्या थापत राहिली.

मी नजर ठेवायला लागलो. रूपराव कुणाकडे काम धरतात, सामान कुठून घेतात, सगळं. आणि त्या शिमग्याला मला जे हवं होतं ते दिसलं. एका व्यापाऱ्याकडे ठंडाईचं काम होतं. पडदा लागला आणि मी सहज म्हणून परसाकडे गेलो. मागच्या दारानं एक बाई आत गेली. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, हातात पितळी तांब्या आणि तांब्याच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. दहा-बारा मिनिटांनी तशीच बाहेर आली, भिंतीच्या कडेकडेनं गेली. तांब्याचं फडकं आता सैल होतं.

तांब्याच्या तोंडाला फडकं बांधून कोणी पाणी नेत नाही. नऊ वर्षांचे कागद माझ्या डोळ्यांपुढून गेले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. हे आज लिहिताना लाज वाटते, पण आनंदच झाला होता.

आमच्या शेजारी प्रभाकरराव राहत. शाळेचे हेडमास्तर, अत्यंत सरळ आणि तितकेच भित्रे. वैशाखात त्यांच्या लीनाचं लग्न होतं, वऱ्हाड नागपूरचं, आणि पाहुण्यांचं तोंड गोड करायला पंच रूपरावांचा. मी आदल्या दिवशी त्यांना गाठून सगळं सांगितलं. बाई, तांब्या, फडकं, पाचवा जिन्नस. हेडमास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला.

"अहो केशवराव, व्याही काय म्हणतील? माझी नोकरी आहे. लग्नात दारू पाजली म्हणून बोभाटा झाला तर?"

"म्हणूनच म्हणतो. वऱ्हाडाला पेले जायच्या आधी मी पडद्याआड जातो. सापडलं तर गंज तिथंच ओतू. नाही सापडलं तर रूपरावांच्या नावावरचा डाग कायमचा जाईल."

हे दुसरं वाक्य मी मनापासून म्हटलं होतं. मी संशयी असलो तरी अन्यायी नाही, अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती.

माणिकला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या माणसाचं पोट आहे त्याच्यावर. नीट पाहून बोला."

"पाहिल्याशिवाय मी कधी बोलत नाही," मी म्हटलं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की कौलं तडकावीत. दुपारचे चार वाजले. वऱ्हाड जानवशावरून निघाल्याचा निरोप आला. परसात कडुलिंबाच्या झाडाखाली रूपरावांनी कैरीच्या पंचाचा मोठा गंज सिद्ध केला होता. वाळ्याचा वास सगळ्या घरभर पसरला होता. त्यांनी दोरी बांधली, चादर टाकली, आणि नेहमीसारखे म्हणाले, "चला, आता जरा बाजूले व्हा सारे."

सारे बाजूला झाले. मी मात्र कुंपणाच्या बाजूनं फिरून गेलो. ती बाई मागच्या फाटकातून आत शिरली, तोच पदर, तोच तांब्या. मी पन्नास आकडे मोजले आणि पडदा बाजूला सारला.

ती गंजाजवळ उकिडवी बसली होती. रूपराव पळीनं पंचाचे थेंब वरून, अंतर ठेवून, तिच्या उजव्या तळहातावर टाकत होते. ती ते जिभेनं टिपत होती आणि डोळे मिटून काहीतरी मनात जुळवत होती. कपाळ कोरं, हात मोकळे.

मला पाहून रूपरावांच्या हातातली पळी गंजाच्या काठावर आपटली. ती बाई उठली नाही. तिनं फक्त पदर ओढून घेतला. मी तांब्या उचलला, फडकं सोडलं आणि आतलं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग बोट बुडवून जिभेला लावलं.

पाणी होतं. साधं विहिरीचं पाणी.

"हे काय आहे?" मी विचारलं. 

"पानी हाये," ती म्हणाली. "एकदा चाखलं का चूळ भरा लागते, मंग दुसऱ्यांदा नीट कळते. ह्यायच्या माठाले माहा हात कायले लावाचा, लगनाचं घर हाये. म्हनून घरून आनतो."

मग रूपराव बोलले, हळू आवाजात, कुणी ऐकू नये असे. "बाबूजी, दोन सालाच्या आधी मले मोतीझऱ्याचा ताप आलता. एकवीस दिवस. उठलो तं जिभेची चव गेलती. मीठ टाकलं का साखर टाकली, मले काईच समजत नाई. माप सारं पाठ हाये, पन कैरी काय मापानं आंबट राह्यते? हे माही बहीण, आनंदा. केळझरले दिली होती, नवरा दोन वर्षांत गेला. घरी हेच हाये. हिची जीभ मायासारखी होती, माया आजारापासून तर मायाहून चांगली झाली. उष्टं नाई होऊ देत, पाहा तुमी, वरून टाकतो. तुमच्या पाया पडतो, कोनाले सांगू नका."

मला हायसं वाटलं. खरंच सांगतो, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. दारू नव्हती. माणूस सच्चा होता. माझ्या डोक्यात खटल्याचा कागद तयार झाला: आरोप एकच, पुरावा नाही, आरोपी निर्दोष. 'कोनाले सांगू नका' हे शब्द मी ऐकले होते, पण ते मला भिडस्त माणसाचे शब्द वाटले. इतकं निर्मळ कारण लपवायचं कशाला?

मी तांब्या हातात तसाच धरून पडद्याबाहेर आलो. ओसरीवर हेडमास्तर, त्यांची बायको इंदिराबाई आणि पाच-सात नातेवाईक बाया उभ्या होत्या. माझ्या संशयाची बातमी घरभर झाली होतीच.

"सापडली?" हेडमास्तरांनी विचारलं.

"नाही," मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "दारूचा थेंब नाही. रूपरावांवर आपण उगाच संशय घेतला. आजारपणात त्यांची चव गेली आहे, म्हणून त्यांची बहीण आनंदाबाई चाखून देतात. तळहातावर थेंब घेऊन. अगदी सोवळ्यानं."

 मला वाटलं, आता हेडमास्तर सुटकेचा श्वास टाकतील.

"कोण आनंदाबाई?" इंदिराबाईंनी विचारलं. "बोरगावची? ती पांढऱ्या कपाळाची?"

तेव्हा मला समजलं. करायला गेलो गणपती आणि झालं होतं माकड. ज्या दिवशी मुलीला हळद लागली, ज्या दिवशी तिच्या वाटेवरून मांजर गेलं तरी बाया थांबत होत्या, त्या दिवशी एका विधवेनं चाखलेलं पेय वऱ्हाडाला पाजणार होते. आणि हे एकाच लग्नात नव्हतं. दोन वर्षांतली गावातली सगळी लग्नं, सगळी हळदीकुंकवं, सगळी डोहाळजेवणं त्या बायांच्या डोळ्यांपुढून गेलेली मला दिसली. एकीनं तोंडावर पदर घेतला. दुसरी म्हणाली, "अगो बाई, माझ्या सुनेच्या डोहाळजेवणाला यांचंच होतं." त्या सुनेचं पुढे काय झालं ते तिनं सांगितलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

"केशवराव," हेडमास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "यापेक्षा दारू निघाली असती तर बरं."

गंज कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतला गेला. शेजारच्या चार घरांतून लिंबं गोळा करून वऱ्हाडाला साखरेचं पाणी पाजलं.  रूपरावांनी चादर काढली, चार घड्या घातल्या, दोरी गुंडाळली. आनंदाबाई केव्हा फाटकातून गेली ते कुणी पाहिलं नाही. मी घरी आलो तेव्हा तिचा तांब्या माझ्या हातात तसाच होता.

तो परत द्यायला मी चौथ्या दिवशी बोरगावला गेलो. चार दिवस माणिक माझ्याशी बोलली नव्हती. रूपराव घरी नव्हते. आनंदाबाई अंगणात वाळत घातलेल्या कैऱ्यांच्या फोडी उलटवत बसली होती. लोकांनी आगाऊ सांगितलेली तीन कामं परत गेली होती, त्या कामांच्या कैऱ्या होत्या.

"मी रूपरावांच्या भल्यासाठीच बोललो," मी म्हणालो. "दारूचा डाग पुसावा म्हणून."

तिनं तांब्या घेतला, आत पाहिलं, खाली ठेवला. "बाबूजी, एवढं एक खोटं बोलता नाई आलं का तुमाले?"

ती पुन्हा फोडी उलटवायला लागली.

"दारू निघाली म्हनले असते तरी चाललं असतं. भाऊ दंड भरून, चार दिवस आत बसून मोकळा झाला असता. आता हे जे म्हनून राह्यले लोक, ह्याचा कायचा दंड भराचा, मले सांगा."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी उठलो आणि ऊन डोक्यावर घेत वर्ध्यापर्यंत चालत आलो.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. कुणी रूपरावांना बोलावलं नाही. मी कचेरीत कुणाचा निरोपसमारंभ निघाला की त्यांचं नाव सुचवत असे. लोक माझ्याकडे पाहत आणि चहा ठरवत. शेवटी हिवाळ्यात क्लबाच्या चिटणीसाला मी पटवलं. त्यानं एक अट घातली: रूपरावांनी एकट्यानं यायचं. बहिणीनं फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

रूपराव आले. या वेळी पडदा बांधला नाही. सगळ्यांसमोर, उघड्यावर, संत्र्याचा रस काढला, काढा ओतला, साखर मापून घातली, मीठ घातलं. मग थांबले. हात गंजावर तसाच. मीठ घातलं की घालायचं राहिलं, हे त्यांना आठवेना, मला दुरून कळत होतं. चाखून पाहता येत नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि पुन्हा एकदा मीठ घातलं.

लोकांनी पेले उचलले, ओठाला लावले आणि एकेक करून खाली ठेवले. कुणी हसलं नाही, हे खरं तर जास्त वाईट होतं. मी माझा पेला हट्टानं संपवला. घसा खवखवला.

"कसं झालं, बाबूजी?" रूपरावांनी मला विचारलं.

"छान झालंय," मी म्हणालो.

बघा, खोटं बोलता येत होतं मला. हवं तेव्हा आलं नाही, आणि आता काही उपयोग नसताना आलं. रूपरावांनी टेबलावरच्या भरलेल्या पेल्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतर त्यांनी गंज माळ्यावर टाकल्याचं कानावर आलं.

चैत्र लागला. माणिकनं गौर बसवली आणि हळदीकुंकवाचा दिवस ठरवला. सकाळी ती लुगडं नेसून, चपला घालून निघाली.

"कुठे?"

"बोरगावला. पन्हं सांगायला."

मी काही बोलायच्या आधीच ती फाटकाबाहेर गेली होती. तिथं ती काय बोलली हे तिनं मला कधीच सांगितलं नाही. पण ठरल्या दिवशी दुपारी रूपराव गंज घेऊन आले आणि त्यांच्या मागून, सवयीनं, आनंदाबाई परसाच्या दाराशी आली. हातात तोच तांब्या, तोंडाला फडकं.

"पुढून या, आनंदाबाई," माणिक म्हणाली.

"नाई हो बाई, मले पुढच्या दाराची सवय नाई."

माणिकनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला, तो आमच्या माठाशेजारी ठेवला आणि तिला हाताला धरून ओसरीवरून आत आणलं. गौरीपासून हातभर अंतरावर पाट मांडला होता. तिथं बसवलं. गंज पुढ्यात ठेवला. पडदा नव्हता.

बाया यायला लागल्या. दारात आल्या की हसू मावळायचं, पण माणिकला दुखवायला नको म्हणून बसायच्या, हळदीकुंकू घ्यायच्या, भिजवलेले हरभरे ओटीत घ्यायच्या. इंदिराबाईही आल्या, सोबत लीना. ती पहिल्या चैत्राला माहेरी आली होती, सातवा महिना लागलेला, चेहरा भरलेला. पेले भरून ताट फिरलं तेव्हा कुणाचाच हात पुढे होईना. मी दाराच्या आडोशाला उभा होतो. बायकांच्या समारंभात पुरुषानं असू नये हे मला कळतं, पण मी तिथून हललो नाही.

"पन्हं चाखलं कुणी?" इंदिराबाईंनी शेवटी विचारलं. विचारताना त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोलणारा माणूस, गावात माझी तशी ख्याती झाली होती.

'मी चाखलं,' एवढं एक खोटं बोलायचं होतं.  मी तोंड उघडलं, तेवढ्यात आनंदाबाईच म्हणाली, "मी चाखलं."

कुणाचं तरी पेल्याकडे गेलेलं बोट मागे आलं. आणि मग लीना पुढे वाकली, ताटातला पेला उचलला आणि अर्धा एका दमात प्याली.

"लीना," इंदिराबाई कुजबुजल्या.

"आई, मी लग्नाच्या दिवशीही प्यायले होते. दोन पेले," लीना म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नव्हतं. तुम्ही सगळे ओसरीवर बोलत होतात, तेव्हा न्हाणीघराच्या खिडकीतून मीच मागितलं. आनंदाबाई नको नको म्हणत होत्या, बाई हात नको लावू म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. मग ते सगळं झालं आणि मी भ्याले, वर्षभर बोलले नाही." तिनं उरलेला पेला संपवला आणि पोटावर हात ठेवला. "काय झालं मला? सांगा ना, काय वाईट झालं?"

इंदिराबाई लेकीकडे पाहत राहिल्या.   मग त्यांनी पेला उचलला, एक घोट घेतला आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "जिरं छान भाजलंय."

बत्तीस बाया आल्या होत्या, त्यातल्या अकरा प्यायल्या. बाकीच्या काहीबाही सांगून उठल्या. अकरा म्हणजे फार नाहीत, हे मला माहीत आहे. रूपरावांचा धंदा पुढे सुरू झाला तोही त्याच बेतानं, कुणाकडे व्हायचा, कुणाकडे नाही. पण जिथं व्हायचा तिथं पडदा लागत नसे, आणि पाचवा जिन्नस काय हे कुणी विचारत नसे, कारण तो गंजाशेजारी पाटावर बसलेला दिसायचा.

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर माणिकनं आनंदाबाईला आमच्या माठातलं पाणी दिलं. तिनं ते घेतलं, चूळ भरायला नाही, प्यायला. मग आनंदाबाईनं मला पन्ह्याचा पेला दिला. मी सवयीनं नाकाशी नेला आणि तिच्याकडे पाहिलं.

"घ्या, हुंगा बाबूजी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

मी न हुंगता प्यालो. फार चांगलं झालं होतं.

रूपराव आणि ती संध्याकाळच्या आत बोरगावला निघून गेले. ताटं-पेले विसळताना माणिकला माठाशेजारी तो पितळी तांब्या दिसला. ती म्हणाली, "अहो, आनंदाबाई तांब्या विसरल्या."

मी जाऊन पाहिलं. तांब्या रिकामा होता, आतून कोरडा पुसलेला, फडकं घडी करून शेजारी ठेवलेलं. मी संशयी माणूस आहे. मला नाही वाटत ती विसरली असेल.